दाराबाहेर दोनच जोड

सालबियाच्या मनात काय चाललंय ते लामपांजोच्या बायकांना तिच्या हातोड्यावरून कळायचं. पहाटेची नमाज झाली की ती अंगणात दगडापुढे बसे, कढईतल्या तापल्या वाळूत मेलिंजोच्या बिया भाजी आणि गरम आहेत तोवर टरफल काढून एकेक बी दगडावर ठेवून हातोड्याने पापडासारखी पातळ करी. दोन ठोके पडले तर बाई खुशीत आहे. तीन पडले तर गुडघे दुखताहेत. आणि चार-चार, पाच-पाच ठोके पडून बीचा भुगा व्हायला लागला की शेजारीण कुंपणावरून डोकं काढून विचारी, "मकवा, आज कोणाला ठेचताय?"

मकवा म्हणजे थोरली मावशी. सगळं गाव तिला तेच म्हणे, तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले म्हातारेसुद्धा. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या या किनाऱ्यावर बाईला एकटं व्हायला कारणं कमी नाहीत. सालबियाचा नवरा फौज आणि बंडखोरांच्या बंदुकांच्या वर्षांत रस्त्यावरून उचलून नेला तो नेलाच, आणि घर समुद्र आला त्या सकाळी गेलं. पुढे मदतीवाल्यांनी दोन खोल्या बांधून दिल्या, त्यात ती राहिली. मुलगा लांब मेदान शहरात, ईदला येतो, येताना बायकोच्या तक्रारी घेऊन येतो. सालबियाची शाळा दुसरीपर्यंत. सुटी सुटी अक्षरं तिला ओळखू येतात, पण ती एकमेकांचा हात धरून चालायला लागली की हिची दमछाक. कान मात्र असे की एकदा आत गेलेलं बाहेर यायचं नाव नाही.

आठ वाजता टेम्पोने ती पुलापलीकडच्या इस्लामी विद्यापीठात झाडलोटीला जाई. तिथे नियम पुष्कळ. मुलींचा जिना वेगळा, मुलांचा वेगळा. वाचनालयात मुलं एका अंगाला, मुली दुसऱ्या. कॅन्टीनच्या मधोमध कुंड्यांची रांग. सालबियाला यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ती वाढली तशाच रीतीत. लग्नकार्यात पुरुष मांडवात आणि बायका आत, आणि आत जे काही बोलणं चालतं ते पुरुषांच्या कानावर पडत नाही यात पुरुषांचंच भलं आहे, असं तिचं मत. नियमावर तिचा राग नव्हता. राग आला तो नंतर, आणि आला तो असा आला की अजून गेलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी एक नवा नियम निघाला. शेवटच्या वर्षाच्या मुलींना प्रबंध लिहायचा असतो आणि त्यासाठी सरांच्या खोलीत जाऊन तासन्‌तास बसावं लागतं. परका पुरुष आणि परकी मुलगी बंद खोलीत दोघंच, हा एकांत झाला, आणि एकांत म्हणजे गुन्हा. म्हणून खोलीत तिसरं माणूस हवं, आणि ते बाईमाणूस हवं. सुरुवातीला मुली कोणाकोणाला घेऊन यायच्या. एकीची आजी खोलीतच घोरायची. एकीची आई सरांनाच विचारायची, "तुमचं लग्न झालंय का?" शेवटी उपअधिष्ठाता हसबल्लांनी, ज्यांनी नियम लिहिला होता त्यांनीच, तोड काढली. झाडलोट करणारी म्हातारी आहे ना, तिला बसवा.

आणि सालबिया बसली. दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर निवडायला काहीतरी. सकाळी दोन मुली, दुपारी तीन. बोलायचं नाही, फक्त असायचं. सहा वर्षांत तिच्या कानावरून इतके प्रबंध गेले की कचेरीतला कारकून सफ्री म्हणायचा, "मकवा, तुम्हाला आता पदवी द्यायला हवी. निदान खुर्चीला तरी."

यंदा तिची सगळ्यांत लाडकी होती रौझा. तिच्याच गावची, लामपांजोची. बाप कोळी, आई दम्याने घरात. रौझा रोज संध्याकाळी घरच्या ओट्यावर गावातल्या अकरा पोरांना कुराण शिकवायची, आणि दिवसा हा प्रबंध. विषय काय, तर आपल्याकडे लग्नात आईबाप मुलीला घर देतात ती रीत. शरीयत त्याबद्दल काय म्हणते आणि म्हाताऱ्या काय म्हणतात. तिचे मार्गदर्शक तार्मिझी सर. मऊ आवाजाचे, इस्त्रीच्या शर्टाचे, पुस्तकं पुष्कळ वाचलेले. एकदा ते म्हणाले, ही रीत आता संपलीच आहे. सालबियाने खुर्चीतून नाकाने असा आवाज काढला की सरांनी वर पाहिलं.

"काही म्हणालात, मकवा?"

"मी कुठे म्हणते? मला फक्त असायचंय. पण माझ्या आईने मला घर दिलं, आजीने आईला. समुद्राने नेलं, ते शरीयतला विचारून नेलं नाही."

रौझा ओढणीत तोंड खुपसून हसली आणि ते वाक्य तिने प्रबंधात घातलं. सालबियाला कळलं तेव्हा तिने दोन दिवस सगळ्या बिया दोन ठोक्यांत ठेचल्या.

मग तो गुरुवार आला.

त्या आठवड्यात हसबल्लांनी सगळ्या कामगारांना सभागृहात गोळा करून पाऊण तास सुनावलं होतं. कामाच्या नावाखाली तुम्ही लोक नमाज पुढे ढकलता, झाडू आधी आणि अल्लाह नंतर असं चालायचं नाही, बांग झाली की हातातलं काम ठेवायचं. सालबियाने ते मनावर घेतलं. आजवर ती मुलीचं काम संपलं की मग अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढायची, वेळ असे तोवर. पण गुरुवारी बांग झाली, आणि तिला त्या माणसाचे शब्द आठवले. ती उठली. रौझा लिहीत होती, सर सांगत होते.

"सर, मी नमाज पढून येते."

"या, या. आणि दार ओढून घ्या, मकवा! एसीची हवा सगळी बाहेर जातेय."

ही त्यांची रोजची ओरड. दार उघडं दिसलं की यांच्या अंगावर काटा. सालबियाने दार ओढलं, बाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि नमाजखान्याकडे गेली. हातपाय धुऊन वजू, नमाजेच्या चार रकात, मोजून दहा मिनिटं. परत आली तेव्हा दोघं तशीच बसलेली, ती लिहितेय, ते सांगताहेत. मध्ये पाऊण वार रुंदीचं टेबल.

पण त्या दहा मिनिटांत विद्यार्थ्यांच्या शिस्त मंडळाचा एक उत्साही पोरगा तिथून गेला होता. त्याने काय पाहिलं? दार बंद. दाराबाहेर दोन जोड. एक पुरुषाचे काळे बूट, एक मुलीच्या पांढऱ्या चपला. तिसरा जोड नाही. त्याने दार वाजवलं नाही. "आत कोण आहे?" म्हणून विचारलं नाही. तोंड होतं, ते वापरलं नाही. फोन काढला आणि फोटो घेतला.

रात्रीपर्यंत तो फोटो विद्यापीठात, सकाळपर्यंत बाजारात आणि शुक्रवारच्या नमाजेपर्यंत लामपांजोत. फोटोत माणूस नाही, तोंड नाही, हात नाही. चार पादत्राणं. दारावर तार्मिझींची पाटी, आणि त्या तासाला कोणाची पाळी ते सगळ्यांना माहीत. तेवढ्यावर लोकांनी आतली सगळी गोष्ट रचली, पलंगासकट. त्या खोलीत पलंग ठेवायला जागा कुठली, तिथे कपाट ठेवलं तेव्हा सालबियाला खुर्ची आडवी लावावी लागली होती. पण ते कोण विचारतो?

सोमवारी रौझाला बोलावणं आलं. मंगळवारी दहा वाजता हसबल्लांच्या दालनात. आणि सफ्रीने मान खाली घालून सांगितलं ते असं, की पत्र तयार आहे. मुलीने त्यावर सही करायची. मी एकांताचा नियम मोडला, मला पश्चात्ताप आहे. बारा तारखेची तोंडी परीक्षा रद्द, पुढच्या वर्षी बघू. आणि पत्राची एक प्रत गावप्रमुखाला.

"आणि तार्मिझी?" सालबियाने विचारलं.

"त्यांना तोंडी समज दिली."

"कुठे?"

सफ्री हातातले कागद सारखे करायला लागला.

"कुठे रे?"

"कॉफी घेताना."

त्या संध्याकाळी सालबियाने ठेचलेल्या बियांचा नुसता रवा झाला. शेजारणीने कुंपणावरून डोकं काढलं आणि काही न विचारता परत आत घेतलं.

तिला स्वतःचा राग आधी आला, हेही खरं. माझ्यामुळे झालं. मी उठले म्हणून झालं. पण मग ती विचार करत गेली तसा तो राग जागा बदलत गेला. मी उठले कोणाच्या सांगण्यावरून? दार ओढलं कोणाच्या सांगण्यावरून? एक म्हणतो बांग झाली की ऊठ. दुसरा म्हणतो दार लाव. दोघांचं ऐकलं म्हातारीने, आणि गुन्हेगार कोण, तर जिने काहीच केलं नाही ती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीच झालेली नव्हती.

ती रौझाकडे गेली. पोर ओट्यावर बसली होती. ओटा रिकामा. अकरातलं एकही पोर आलं नव्हतं.

"तू उठून बाहेर का नाही गेलीस गं?"

"मी म्हटलं सरांना, मकवा गेल्या. ते म्हणाले, येतील दहा मिनिटांत, तू लिही. वाक्य अर्धं होतं, मकवा. सरांचं वाक्य अर्धं टाकून कशी उठू?"

"हे सांगशील उद्या?"

"सर सांगतीलच ना."

सालबियाला तशी खात्री नव्हती. तिने सहा वर्षं त्या माणसाला ऐकलं होतं. पुस्तकातलं सांगताना आवाज ठाम, आणि वरून कोणाचा फोन आला की आवाज असा पातळ व्हायचा की चमच्याने प्यावा.

मंगळवारी ती दहाला दालनाच्या दाराशी हजर. बाकावर रौझाचा बाप बसला होता, ईदचा शर्ट घालून, समुद्रावरचे हात दोन गुडघ्यांमध्ये दाबून. सफ्री दारात आडवा झाला.

"मकवा, आज तुमचं काम नाही."

"आत कोण कोण आहे?"

"हसबल्ला सर. आणखी दोघे समितीचे. तार्मिझी सर."

"आणि?"

"आणि रौझा."

"बाई कोण आहे?"

सफ्रीने खिडकीकडे पाहिलं, जणू काही एखादी बाई तिथून येणार होती.

"सफ्री, कलम चार म्हण."

"मकवा, नोकरी जाईल माझी."

"तू नको म्हणू, मी म्हणते. सहा वर्षं माझ्या डोक्यावर भिंतीला चिकटवलंय ते. येईल त्या प्रत्येक पोरीला तुम्ही वाचून दाखवलंय. एक वा अनेक पुरुष शिक्षक विद्यार्थिनीसह बंद खोलीत बसतील तेव्हा तिथे एक प्रौढ स्त्री हजर राहील. ती हजर नसल्यास बैठक त्याच क्षणी थांबेल. एक वा अनेक, सफ्री. माझ्या पदरचं नाही."

सफ्री बाजूला झाला. सालबियाने आपल्या चपला काढल्या आणि दाराच्या अगदी मधोमध ठेवल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला अडखळायला होईल अशा.

आत चार पुरुष एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला. हसबल्लांनी कपाळाला आठी घातली. पण नियम त्यांचाच, अक्षर त्यांचंच. "बसा," ते म्हणाले. "पण शांत बसा."

"मला सवय आहे," सालबिया म्हणाली.

हसबल्लांनी पत्र पुढे सरकवलं. माणूस वाईट नव्हता म्हणे. असेलही. घरी मांजरं पाळतो म्हणे. "हे बघ बेटा, कोणी असं म्हणत नाही की तू काही केलंस. पत्रात फक्त नियम मोडला एवढंच आहे. सही कर, विषय संपला."

"सर, गावप्रमुखांना प्रत गेली तर माझा विषय नाही संपत," रौझा म्हणाली. तिने पत्र होतं तिथेच राहू दिलं. "आणि मी तार्मिझी सरांना सांगितलं होतं की मकवा बाहेर गेल्यात. सर म्हणाले, तू लिही."

सगळ्यांनी तार्मिझींकडे पाहिलं. तार्मिझींनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. परत काढलं.

"असं काही... मला नीट आठवत नाही. मी विषयात गुंतलो होतो. मकवा कधी गेल्या तेही माझ्या लक्षात आलं नाही."

सालबियाच्या कानात सूं सूं व्हायला लागलं. समुद्र आला त्या दिवशी आधी असाच आवाज झाला होता.

"लक्षात आलं नाही?" ती म्हणाली. "दार ओढून घ्या मकवा, हवा बाहेर जातेय, हे कोण बोललं? एसी बोलला?"

"मकवा!" हसबल्ला म्हणाले. "तुम्हाला इथे बसायला ठेवलंय. बोलायला नाही."

"मग मला कशाला ठेवलंत? खुर्चीवर उशी ठेवायची होती, तीही बसते. सहा वर्षं तुम्ही म्हणताय, मकवा खोलीत आहे म्हणजे काही वावगं घडणार नाही. का? तर मकवा बघतेय. आणि आता मकवा सांगतेय तर मकवा कोणी नाही? बघायला डोळे चालतात माझे, सांगायला तोंड चालत नाही?"

समितीतला एक जण घसा खाकरून म्हणाला, "बाई, तुम्ही जागा सोडली हीच मुळात चूक आहे."

"आहे. माझी आहे. द्या कागद, मी अंगठा लावते. बांग झाली की हातातलं काम टाका, असं गेल्या आठवड्यात ज्यांनी सांगितलं त्यांनी खाली सही करावी. दार लावायला ज्यांनी सांगितलं त्यांनी त्याच्या खाली. मग जागा उरली तर या पोरीची बघू."

सालबियाने तार्मिझींकडे वळून हळू आवाजात म्हटलं, आणि तिचा हळू आवाज हा ओरडण्याहून वाईट, "सर, तुमच्या घरी दोन मुली आहेत. मी त्यांना बघितलंय, तुमच्या खोलीत खेळलेल्या आहेत. सांगा ना. एक वाक्य आहे. ती म्हणाली होती, आणि मी म्हटलं लिही. एवढंच. तुम्हाला कोणी फाशी देणार नाही. दिली तर कॉफी देतील."

तार्मिझी टोपणाकडे बघत राहिले.

हसबल्लांनी पेन रौझाच्या हातात दिलं. पोरीने ते घेतलं. बाप बाहेर बसलाय, आई घरी खोकतेय, समोर चार मोठी माणसं. अशा वेळी चांगल्या वळणाच्या मुली काय करतात? सही करतात. वळण लावलेलंच त्यासाठी असतं.

सालबिया उठून उभी राहिली. गुडघे कडकडले.

"रौझा, ऊठ."

"मकवा, बसा खाली," हसबल्ला म्हणाले.

"मी निघाले. आणि मी निघाले की त्याच क्षणी बैठक थांबते. तुमचंच आहे. ऊठ गं. या खोलीत चार पुरुष आहेत आणि दार बंद आहे. तू आणखी एक पळ बसलीस तर परत नियम मोडशील, आणि यांना दुसरं पत्र छापावं लागेल."

मग रौझाने पेन टेबलावर ठेवलं. अगदी अलगद ठेवलं, आवाज न करता, आणि उठली. समितीतला तो खाकरणारा खोकला की हसला ते सांगता येणार नाही.

सालबियाने बाहेर पडताना दार सताड उघडं टाकलं. सगळी थंड हवा बाहेर आली.

दुसऱ्या दिवसापासून ती झाडू मारायला गेली, पण खुर्चीवर बसली नाही. "मला बघता येतं, सांगता येत नाही, म्हणजे मी कामाची नाही," एवढंच म्हणाली. नऊ मुली ताटकळल्या. परीक्षा तोंडावर, सर खोलीत, मुली बाहेर, मध्ये कलम चार. दुसऱ्या झाडूवालीने कंबर धरली. अध्यापिका दोनच, त्यांचे स्वतःचे वर्ग. मग हसबल्लांनी आपल्याच बायकोला आणून बसवलं.

ही बाई मोठी हौशी. विणकाम घेऊन आली. पहिल्या दिवशी तीन सरांनी तिला सांगितलं, दार ओढून घ्या. दुसऱ्या दिवशी चौघांनी. दुसऱ्या दिवशी म्हणे रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याच्या पानात भात वाढला आणि डाव हातातच धरून विचारलं, "अहो, त्या पोरीच्या वेळी दार लावायला कोणी सांगितलं होतं?" नवरा म्हणाला, तो विषय बंद आहे. ती म्हणाली, "दारासारखा?" हे सफ्रीला ड्रायव्हरने सांगितलं आणि ड्रायव्हरला त्यांच्या स्वयंपाकिणीने, तेव्हा तिखटमीठ किती ते आपण समजून घ्यायचं. पण तिसऱ्या दिवशी रौझाला कागद आला. परीक्षा बारा तारखेलाच. पत्राबद्दल एक अक्षर नाही. फाडलं नाही, दिलं नाही. खणात असेल. खणातले कागद उंदरांनी खाल्ले तरच मरतात.

रौझा पास झाली. चांगली झाली. परीक्षकाने ते समुद्राचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. तार्मिझी तिथेच होते, आणि संपल्यावर म्हणाले, "मला खात्री होतीच."

पुढच्या महिन्यात सुतार आला आणि त्याने प्रत्येक खोलीच्या दाराला वीतभर रुंदीचा चौकोन कापून काच बसवली. जाणाऱ्यायेणाऱ्याला आतलं दिसावं म्हणून. आता तिसऱ्या माणसाची गरजच नाही. सालबिया ओला फडका घेऊन त्या काचा पुसत होती आणि पुसता पुसता तिला असा संताप आला की फडका तिने बादलीत आपटला. वीतभर काच! सहा वर्षं, इतक्या पोरींच्या आया-आज्या, एका पोरीची अब्रू, एका म्हातारीची तळमळ, आणि उत्तर काय होतं, तर एका सुताराची दोन दिवसांची मजुरी! हे त्या शिकलेल्या डोक्यांतल्या एकाच्याही डोक्यात आधी आलं नाही.

पण ओट्यावर पोरं आली नव्हती. पदवी मिळाली तरी गावात फोटो होता. रौझा रोज संध्याकाळी चटई अंथरायची, कुराण ठेवायची लाकडी रिहल मांडायची, आणि सूर्यास्ताची, मगरीबची बांग झाली की सगळं उचलून ठेवायची. बाप जाळी विणायला बसे तो पाठ करून.

एका सकाळी तार्मिझी सालबियाच्या अंगणात येऊन उभे राहिले. हातात केकचा डबा. ती बिया भाजत होती.

"आत येऊ का, मकवा?"

"मी घरात एकटी आहे. तिथेच उभे राहा."

ते उन्हात उभे राहिले. तिने तीन बिया ठेचल्या.

"मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "झोप नाही लागत. त्या वेळी बोललो असतो तर माझी बढती... तुम्ही समजू शकता. मी तुमची माफी मागायला आलोय."

"माझी कशाला? माझ्या चपलांचा फोटो नव्हता त्यात." तिने आणखी एक बी ठेवली. "सर, या वाटेने खाली गेलं की कॉफीचं दुकान आहे. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की गावातले सगळे बाप तिथे असतात. तिथे जा आणि मोठ्याने सांगा. मुलगी म्हणाली होती, मीच म्हटलं लिही. दार मीच लावायला सांगितलं. मग हा डबा रौझाच्या आईला द्या. केक मऊ आहे, तिला चालेल."

"शुक्रवारी मी जरूर प्रयत्न करीन."

"प्रयत्न काय करायचाय? तोंड उघडायचंय."

शुक्रवारी ते आले नाहीत. सालबिया फाटकाशी उभी राहून वाट बघत होती. नमाज सुटली, पुरुष मशिदीतून दुकानात गेले, कॉफीच्या फडक्यातून कॉफी गाळल्याचा वास आला. अर्धा तास गेला. मग तिने फाटक लावलं आणि स्वतःच निघाली.

कॉफीच्या दुकानात बायका जात नाहीत. तसं कुठे लिहिलेलं नाही, कुठल्या कलमात नाही, फक्त जात नाहीत. सालबिया आत शिरली तेव्हा डोमिनोच्या सोंगट्या हवेत थांबल्या. दुकानदार लगबगीने पुढे आला. "मकवा, घरी पाठवतो ना कॉफी."

"इथेच दे. साखर कमी."

ती मधल्या बाकावर बसली. दोन्ही बाजूंचे पुरुष सरकले. गावप्रमुखही होता, टोपी मांडीवर घेऊन.

"तो फोटो कोणाकोणाच्या फोनवर आहे?" तिने विचारलं.

कोणाच्याच नव्हता. सगळे संत.

"काढा रे. मला काय कळत नाही? मी दुसरी पास आहे, आंधळी नाही."

एकाने काढला. मग दुसऱ्याने. मग सात-आठ फोन बाकांवर दिसले.

"मोजा. किती जोड?"

"दोन," कोणीतरी पुटपुटलं.

"तिसरा माझ्या पायात होता आणि मी नमाजेला गेले होते. दार मी लावलं. सरांनी लाव म्हटलं म्हणून लावलं. पोरगी म्हणाली होती, मकवा बाहेर गेल्यात. सर म्हणाले, लिही. नंतर सरांना आठवेना. हे मी मोठ्या दालनात सांगितलं, तिथे मला म्हणाले, तू बसायची बाई आहेस. म्हणून इथे बसून सांगतेय. बंदुकांच्या वर्षांत तुमच्यातल्या कितीजणांना माझ्या माळ्यावर लपवलं? तेव्हा एकटी बाई आणि सहा परके पुरुष, दार बंद. कोणी फोटो नाही काढला. कुणाच्या आईने मला काही म्हटलं? आणि ज्या मुलीने तुमच्या पोरांना अलिफपासून शिकवलं, तिला तुम्ही चार पादत्राणांवरून निकालात काढलंत. शरम वाटत नसेल तर निदान कॉफी कडू लागू दे."

मग एक तरुण बाप, ज्याची दोन पोरं रौझाकडे जायची, तो म्हणाला, "पण सर का नाही बोलले, मकवा?"

"मला नका विचारू. पुलापलीकडे राहतात. बोलवा कॉफीला आणि विचारा. त्यांना कॉफी आवडते."

गावप्रमुखाने टोपी डोक्यावर घातली, काढली. "पत्र माझ्याकडे आलेलं नाही," तो म्हणाला. "आलं तरी मी ते वाचणार नाही."

"वाचा. आणि उत्तर पाठवा," सालबिया म्हणाली. तिने कॉफी शेवटच्या घोटापर्यंत संपवली आणि उठली.

संध्याकाळी ती रौझाच्या ओट्यावर जाऊन बसली. चटई अंथरलेली होती. अकरातली तीन पोरं आली. त्या तरुण बापाची दोन आणि गावप्रमुखाची नात. रौझाला तेवढ्यानेही रडू फुटलं. सालबियाला नाही. तिचं अंग अजून तापलेलं होतं.

"उरलेली आठ कोणाकोणाची?" तिने विचारलं.

"जाऊ द्या ना, मकवा. येतील हळूहळू."

"नावं सांग."

रौझाने एक नाव सांगितलं, मग दुसरं. सालबियाने बोटावर घेतली, आठही. मग डोक्यावरची ओढणी हनुवटीखाली घट्ट केली आणि पहिल्या घराकडे चालायला लागली.